कमळाआडचं बावखल

"मे महिना लागला तरी या फरशीचा घाम काही थांबत नाही. सिमेंटात मीठ कालवलं होतं की काय मेल्या गवंड्याने."

गुडघ्यांवर बसून ओलं फडकं फिरवत मालनबाई पुटपुटतात, आणि मी त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर, दुकानातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पोटात बसून ऐकते. दहा वर्षं ऐकते आहे. कधी गवंड्याचा उद्धार होतो, कधी लादीवाल्याचा, कधी सिमेंटच्या गोणीवर छापलेल्या हत्तीचा. फरशी मात्र ओली ती ओलीच.

मित्रांनो, मी एक जुनी करडी फाइल आहे. नाकं मुरडू नका. फाटक्या छत्रीला आणि मोडक्या बाकाला तुम्ही दर परीक्षेत बोलू देता, आज मला बोलू द्या.

माझ्या जातीला डिस्प्लेसमेंट मॅप म्हणतात. नाव मोठं, काम एवढंच की मी सरकवते. समजा, एखाद्या घराचा फोटो उलटा करून त्याच घराच्या खाली चिकटवला. झालं पाण्यातलं प्रतिबिंब? नाही झालं. ते नुसतं उलटं टांगलेलं घर झालं. पाणी हलतं, तर त्यात पडलेलं घरही हलायला हवं. ते हलवायचं काम माझं. माझ्या अंगावर काळे, पांढरे आणि करडे पट्टे आहेत. चित्राचा जो ठिपका माझ्या काळ्यावर येतो तो एका बाजूला सरकतो, पांढऱ्यावर येतो तो उलट बाजूला, आणि बरोबर मधल्या करड्यावर आलेला जागचा हलत नाही. एवढ्यावर सपाट कागदात खोल पाणी उभं राहतं. मी स्वतः मात्र चित्रात कुठेच दिसत नाही. लग्न जुळवणाऱ्या बाईचा फोटो अल्बममध्ये असतो का? तसंच.

लोक म्हणतात, हे सगळं खोटं. म्हणोत. मी खाली मान घालून ऐकणाऱ्यातली नाही. आधी माझ्या जन्माची गोष्ट ऐका, मग ठरवा खोटं कोण ते.

माझा जन्म वसईजवळच्या गास गावातला, दिवाकररावांच्या वाडीतला. तिथे एक बावखल होतं. जे टॉवरमध्ये राहतात त्यांच्यासाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोडं तळं. पावसाचं पाणी साठवायचं, जमिनीत मुरवायचं, आणि उन्हाळ्यात केळी-पानवेलींना पाजायचं. आमच्या बावखलाला सात पायऱ्या होत्या, आणि एका बाजूला जुन्या रहाटाचा मोडका खांब पाण्यात उभा होता. कुंपणापलीकडे सिप्रियन यांचं बावखल. झरा दोघांचा एकच. वैशाखात पाणी खाली गेलं की दोन्ही घरं मिळून गाळ काढायची, एक दिवस यांचा आणि एक दिवस त्यांचा. गाळ केळीच्या बुंध्याशी घालायचा आणि चिखलाने माखलेल्या सगळ्यांनी एकाच ओट्यावर बसून जेवायचं. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती चुकवायची हिंमत कुणात नव्हती.

त्या घरात चांदीप गावची लेक सून होऊन आली, तिचं नाव हेमांगी. तिच्याकडे पदवी नाही, तिने क्लास लावला नाही. नवऱ्याने, चंद्रहासने, त्याच्या ऑफिसातून बाद झालेला कॉम्प्युटर आणला. तो स्वयंपाकघरात फळीवर बसला, आणि ती कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत फोटो सुधारायला शिकली. सॉफ्टवेअरमधले इंग्रजी शब्द ती किराण्याच्या वहीत देवनागरीत उतरवून घेई. त्या वहीत तूरडाळीखाली माझं नाव आहे, 'डिसप्लेस, आधी करडं करणे'.

दोन हजार चौदाच्या मे महिन्यात तिला एक लग्नाचा अल्बम आला होता. नवरा-नवरी वसईच्या किल्ल्यात उभी, आणि नवरीला पायाशी पाणी हवं होतं. इंटरनेटवरच्या लाटा घ्याव्यात तर सगळ्या समुद्राच्या. हेमांगी वैतागली, छोटा कॅमेरा घेऊन बावखलाच्या पायऱ्यांच्या माथ्यावर जाऊन बसली. तेवढ्यात तिच्या सासूबाई, मालनबाई, कळशी बुडवायला खाली उतरल्या. कळशी बुडाली आणि पाण्यावर वर्तुळं निघाली, एकामागून एक. ती मोठी होत होत रहाटाच्या खांबावर आपटली आणि तिथे दुभंगली. त्या क्षणी कॅमेरा वाजला.

"माझा फोटो काढलास?" मालनबाईंनी पदर सावरत विचारलं.

"तुमचा नाही आई, पाण्याचा."

"पाण्याला कशाला हवाय फोटो? ते काय पळून जातंय?"

मग हेमांगीने माझे रंग काढले, उजेड-अंधार ताणले, आणि काजळ बोटाने पसरावं तशी मला जराशी धूसर केली. टोकदार ठेवली असती तर माझ्यावरून जाणाऱ्या चित्राच्या चिंध्या झाल्या असत्या. अशी मी झाले. म्हणजे मित्रांनो, माझ्या अंगावरची एकेक रेघ मालनबाईंच्या कळशीने काढलेली आहे. कुठल्याही यंत्राने नाही.

एक खोड मात्र माझ्यात राहिली. जिथे तो खांब आहे तिथे लाट तुटते, आणि म्हणून तिथे पडणारं कुठलंही प्रतिबिंब दुभंगतं. हेमांगीने त्यावर तोड काढली. त्या जागेवर ती एक गुलाबी कमळ ठेवून द्यायची. गिऱ्हाइकं खूश व्हायची. "कमळ किती शोभतंय," म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात जे झालं ते सांगताना मी आवाज खाली करणार नाही.

दिवाकरराव एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "सुनेने चुलीशेजारी बसून किती दिवस काम करायचं? रस्त्याकडेला दुकान पाहिजे तिला." वाडीच्या रस्त्याकडच्या अंगाला जागा एकच होती, आणि तिथे पाणी होतं. सिप्रियन कुवेतला नोकरीला, त्यांची बायको फेलिशियाही तोवर त्यांच्याकडे गेलेली, घराला कुलूप. पंधरा दिवस मागच्या गल्लीतून डंपर येत होते. पडलेल्या इमारतींच्या विटा, लाद्या, कुणाच्या तरी संडासाची भांडीसुद्धा सात पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेली. पावसाळ्यानंतर त्यावर हे दुकान उभं राहिलं. चांगल्या मनाने बांधलेलं दुकान आहे हे. चांगल्या मनाने माणसं काय काय बुजवतात ते मला विचारा.

आणि मग शब्द निघाला, 'आटलं'. आमच्या भागात बावखल कुणी बुजवत नाही, मित्रांनो. ती आटतात. एकाने हा शब्द वापरला की दुसऱ्यालाही तो उपयोगी पडतो. ज्यांनी आपली बुजवलेली नव्हती, तेही शेजारधर्म म्हणून मान हलवतात.

"तो पाण्याचा फोटो ठेवू नकोस," दिवाकरराव हेमांगीला म्हणाले. दुकानाची किल्ली त्यांनी नुकतीच तिच्या हातात ठेवली होती. तिने रंगीत फोटो पुसला. मला ठेवलं, कारण माझ्यावर तिचं काम चालत होतं, आणि माझ्यात पाणी आहे हे बघून कुणाला कळलं नसतं. ती गप्प बसली. मी तिची आहे, पण तिची वकिली करणार नाही.

मग माझी भरभराटीची वर्षं आली. विरारच्या टॉवरच्या पत्रकात इमारत पाण्यात दिसते, ती माझ्यामुळे. भावी नगरसेवकांचा वाढदिवसाचा फलक लागला आणि त्यात ते अथांग सागराकाठी उभे होते. तो सागर म्हणजे मीच. नवरा-नवरींना मी काश्मीरला नेलं, स्वित्झर्लंडला नेलं. गणेश मंडळाच्या मूर्तीचे पाय मी पाण्यात ठेवले. "बाई, तुमचं पाणी एक नंबर," लोक म्हणायचे. आणि त्या प्रत्येक सरोवरात, प्रत्येक सागरात, एका गुलाबी कमळाच्या आड गासच्या रहाटाचा खांब उभा होता.

पुढे मोबाईलवर ॲप आली. बोट लावलं की पाणी. कुणाचं पाणी, कुठलं पाणी, कुणी विचारत नाही. हेमांगीने मला 'जुनं' नावाच्या फोल्डरात टाकलं. तिथे मी पाच वर्षं पडून होते, दहावीच्या निकालाच्या फलकांच्या आणि बाद झालेल्या मतदार याद्यांच्या मधे. रडले नाही. रडायचं असतं तर फरशी होतीच.

तर, परवाची सकाळ. मालनबाई फडकं फिरवत होत्या, दिवाकरराव दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत होते, आणि सिप्रियन आले. चार वर्षांपूर्वी ते कुवेतहून कायमचे परत आले, ते एकटेच. फेलिशिया तिकडेच वारल्या.

"हेमांगी, त्या जॉयलच्या लग्नात तू अख्खा किल्ला पाण्यात दाखवला होतास. घर दाखवता येईल?"

"दाखवते की काका. कुणाचं?"

"आमचंच." त्यांनी मोबाईल पुढे केला. कौलारू घर, ओटा, ओट्यासमोर चुन्याने रंगवलेला क्रूस. "फेलिशिया पायरीवर भांडी घासायची आणि म्हणायची, आपली दोन घरं आहेत, एक उभं नि एक उलटं. मी तिकडून फोन केला की आधी विचारायचो, उलट्या घरातली मंडळी बरी आहेत का? तर म्हणायची, बरी आहेत, पण भाडं देत नाहीत, सगळे मासे." ते हसले आणि मग त्यांनी चष्मा पुसला. "त्या उलट्या घराचा फोटो कधी काढलाच नाही गं. आता काढायला जावं तर नुसती जलपर्णी. पाणी हातभर, तेही मचूळ."

"साफ करून घ्या ना, काका."

"साफ करून काय करू? सोमवारी डंपर बोलावलेत. भराव टाकून मोकळं होतो. त्याआधी एक आठवण पाहिजे, म्हणून आलो."

पेपरचं पान उलटायचं थांबलं. फडकंही.

"जिवंत असतं ना, तर हात लावला नसता," सिप्रियन म्हणाले. "तिचं होतं ते. पण दिवाकरचं आटलं, तसं माझंही आटणार. एकाच झऱ्याची दोघं. मरायला टेकलेल्याला ताटकळत का ठेवायचं? काय दिवाकर?"

दिवाकरराव पेपरात बघत म्हणाले, "तुझं तू ठरव, सिप्रू."

हेमांगीने सासऱ्यांकडे पाहिलं. मग तिने कॉम्प्युटरकडे तोंड वळवलं, हे बरं असतं कॉम्प्युटरचं. घर कापून घेतलं, उलटं केलं, खाली जोडलं.

"हे पाणी नाही," सिप्रियन म्हणाले. "ही लादी पुसलेली आहे."

तिने ॲपमधलं पाणी लावून पाहिलं. घर भरतीच्या लाटांत सापडलं.

"आता बुडालं. घर आहे का होडी आहे ते?"

मालनबाईसुद्धा हसल्या. हेमांगीही हसली, आणि हसता हसता तिचा हात 'जुनं' या फोल्डरावर गेला. तिथे तो थोडा वेळ थांबला. पाच वर्षांनी मला उजेड दिसला. मला दाराशी कोण बसलंय ते माहीत होतं, कुणाचं घर माझ्यावर यायचंय तेही माहीत होतं. पळून जाता आलं असतं तरी मी गेले नसते.

तिने मला लावलं आणि घर शहारलं. कौलांची रांग सैल झाली, क्रूस पाण्यात नागमोडी झाला, ओट्याची कड लांबून निवांत डुलू लागली. हेमांगीने सवयीने कोपऱ्यात गुलाबी कमळ ठेवलं.

"ते काढ."

"शोभतं काका तिथे."

"शोभायला नको. आमच्या बावखलात कमळ कधी नव्हतं. शेवाळ होतं, बेडूक होते, एकदा माझी सायकल होती. कमळ नव्हतं. होतं तसं पाहिजे मला."

इतक्या वर्षांत ते कमळ काढायला कुणीच सांगितलं नव्हतं. हेमांगीने माउस धरला, सोडला, पुन्हा धरला. मग कमळ काढलं.

सिप्रियन पुढे वाकले. त्यांचं बोट पडद्यावर टेकलं, घराचा डावा कोपरा जिथे पाण्यात दुभंगला होता बरोबर तिथे. "इथे काय अडलंय?"

हेमांगीने खुर्ची जराशी मागे सरकवली.

"इथे खांब आहे," तेच म्हणाले. "रहाटाचा. यावरून मी आणि दिवाकर उड्या टाकायचो. माझं ढोपर फुटलंय याच्यावर." त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. "हे तुमचं पाणी आहे. मूळ दाखव मला."

आणि हेमांगीने मला उघडलं. मित्रांनो, माझ्यामधून हजारोंनी चित्रं पाहिली असतील. मला कुणी पाहिलं नव्हतं. मी पडदाभर पसरले, करडी, धूसर, जशी आहे तशी. माझ्या खालच्या काठाशी तीन रुंद पट्टे आहेत, त्यांच्यावरून बोट फिरवत सिप्रियनांनी मोजलं.

"पायऱ्या सात होत्या. इथे तीन दिसतात. म्हणजे चार पाण्यात. फोटो पावसाळ्यातला असणार."

हेमांगी सांगू शकली असती, आठवत नाही म्हणून. तिने माझ्या नावावर बाण नेला. तिथे तिनेच कधीकाळी लिहिलेलं आहे, 'बावखल मे २०१४'.

"मे," सिप्रियन म्हणाले. मग खुर्चीकडे वळले. "दिवाकर, तू मला सांगितलंस याच्या पुढच्याच उन्हाळ्यात आटलं. भर मेमध्ये चार पायऱ्या पाणी, आणि वर्षभरात आटलं?"

दिवाकररावांनी पेपरची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी. "जमिनीच्या पोटातलं काय सांगावं, सिप्रू," ते म्हणाले. "झरे दिशा बदलतात." पण ते बोलताना त्यांचे डोळे माझ्यावर होते. दहा वर्षांनी ते आपलं बावखल पाहत होते. मला त्यांची दया आली. तरी मी तसूभर धूसर झाले नाही.

आत्मवृत्त संपताना हात जोडायची रीत असते, मला जपा, मला टाकू नका वगैरे. मी हात जोडणार नाही. मला पुसलंत तरी चालेल, मी फाइलच आहे. पण तुमच्या आसपास एखादं पाणी उरलं असेल तर वर्षातून एकदा त्यात उतरा, गाळ काढा, शेजाऱ्याला हाक मारा. आणि तुमच्या पायाखाली जे आहे त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला लाजू नका. मी फसवते असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, माझं काम सरकवायचं आहे. मी ठिपके सरकवले. माणसांनी अख्खं बावखल सरकवलं, आणि त्यावर कमळ ठेवलं.

तर, पुन्हा परवाच्या त्या सकाळकडे. सिप्रियन दाराकडे निघाले. "ठीक आहे," ते म्हणाले. "झरेच फिरले असतील तर काय करणार. सोमवारी माझंही उरकतो."

"थांबा, सिप्रियनभाऊ."

मालनबाई खालूनच बोलल्या. त्यांनी फडकं पिळलं, त्यातून निघालेलं पाणी बादलीत पडताना पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून त्या सावकाश उभ्या राहिल्या.

"मालन," दिवाकरराव म्हणाले.

"दहा वर्षं त्या गवंड्याला शिव्या घालते आहे मी. त्याचा काही दोष नाही." त्यांनी बादली सिप्रियनांच्या पायाशी आणून ठेवली. "बोट बुडवा आणि जिभेला लावा. गोडं आहे अजून. झरा कुठे गेला नाही, भाऊ, आपल्या पायाखालीच आहे. आमचं बावखल आटलं नाही. यांनी बुजवलं, हिच्या दुकानासाठी. आणि डंपरवाल्यांना चहा मी करून दिला."